चौदा जणी

ओद्वार, तू कागद घेऊन आलास
ते नेमका मे महिना गाठून.
त्रोंडहाइमच्या बोटीतून उतरताना तुझा लाल कोट दिसला
आणि मी आधी कोटच मागून घेतला,
आत्याचा करडा अंगरखा दिला घालायला.
तू हसलास.
मी ओठांवर बोट ठेवलं.

जिन्याखाली एक बसली होती.
उलट्या होडीखाली दोघी.
बाकीच्या त्या दगडी खोपटांत
जी आजोबांनी बांधली, आपलं स्वतःचं छप्पर गळत असताना.
खाली मी वाळवलेलं समुद्रशेवाळ,
हातांनी चोळून चोळून मऊ केलेलं.
आयडर बदकं ही. रानची. कुणाला बांधलेली नाहीत,
पण बाळंतपणाला इथेच येतात.
का, ते मला ठाऊक नाही.
आत्या म्हणायची, आपण गप्प बसतो म्हणून.

मग आपण भांडलो, कुजबुजत.
तू म्हणालास, सॅमनवाली कंपनी दुप्पट भाव देतेय,
पण इतक्या हळू
की मला "काय?" विचारावं लागलं,
तुला तो आकडा परत सांगावा लागला,
आणि दुसऱ्या वेळी तो जरा कमीच वाटला, तुलाही.
मी कपाटाचं दार आपटणार होते.
नाही आपटलं.
तू मूठ वर नेलीस, टेबलापर्यंत आणलीस
आणि अलगद उघडून पावाचे कण गोळा केलेस.

सत्तर घरट्यांच्या पिसांची एक रजई.
माझ्याकडे चौदा जणी.
तू बोटं मोजलीस, शाळेत मोजायचास तशी.
"पाच वर्षांत एक रजई?
हा काही धंदा नाही, बोर्गहिल्ड."
नाहीच.
कोण म्हणालं धंदा आहे?

बाबा गेले तेव्हाही मेच होता, आठवतं?
शवपेटीला खिळे ठोकले नव्हते.
होडीच्या दोरानं बांधली होती ती,
चार गाठी, ओल्या.
शेजारचे आले ते चपला हातात घेऊन.
आई उंबऱ्यावर बसून रडली, तोंडात पदर कोंबल्यासारखी,
आणि तिच्यापासून दोन हातांवर
एक मादी अंड्यांवर बसून होती.
तिनं मान वळवून आईकडे पाहिलं
आणि परत चोच पिसांत खुपसली.
तू तेव्हा नऊ वर्षांचा.
तू तिला पाणी नेऊन ठेवलंस. आईला नाही.

रात्री उजेड असतो, तुला झोप येईना.
मी खिडकीतून पाहिलं:
तू अंगरखा पंखांसारखा पसरून
एका समुद्री कावळ्याला हाकलत होतास,
तोंडातून अवाक्षर न काढता,
या दगडावरून त्या दगडावर, अनवाणी.
सकाळी मी विषय काढला नाही.

जून सरता सरता पिल्लं पाण्याकडे निघाली.
तू वाटेतून बाजूला झालास.
घरटी उबदार होती अजून.

त्या संध्याकाळी आपण मोकळे झालो
आणि कडाडून भांडलो.
महिनाभराचं साचलेलं, बशा थरथरेपर्यंत.
तू तुझा वाटा विकलास.
उत्तरेच्या खाडीत आता गोल पिंजरे तरंगतात,
रात्रभर दिवे, पंपाची घरघर.
मी तारांच्या चौकटीवर पिसं घासत बसते,
काडीकचरा खाली पडतो, पिसं तारांना धरून राहतात.
तुझ्यावर रागावलेलीच आहे मी.
ते वेगळं.

काल तुझा फोन आला, मे लागल्यावर.
कशी आहेस नाही, हवा कशी आहे नाही.
"किती?"
मी म्हणाले, अकरा.
बराच वेळ नुसता तुझा श्वास.
मग तू हिशेब केलास,
"सहा वर्षं. आणि वर थोडे महिने,"
तिकडे, शहरात, चौथ्या मजल्यावर,
ट्रामच्या आवाजात,
कुजबुजत.